डोरोथीचा पोशाख, एक षष्ठांश मापात: आठ आठवड्यांच्या नोंदी

४ फेब्रुवारी

काम ठरलं. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधली डोरोथी करायची. निळ्या-पांढऱ्या चौकडीचा पिनाफोर (ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), आत फुगा बाह्यांचा ब्लाउज, दोन वेण्या, निळे आखूड मोजे आणि ते लाल बूट. हा पोशाख एमजीएम स्टुडिओच्या वेशभूषाकार एड्रियनने बेतला होता. शेतावर राहणाऱ्या मुलीचा साधा फ्रॉक आहे, आणि मला तो राजकन्येच्या घेरदार झग्यापेक्षा अवघड वाटतो. झग्यावर जर आणि झालरी असतात, त्यात वाकडी शिवण खपून जाते. चौकडीच्या कापडावर शिवण अर्धा मिलिमीटर सरकली तरी ती लगेच नजरेत येते.

बाहुली वापरलेली घेतली, मेड टू मूव्ह प्रकारातली बार्बी. हा प्रकार २०१५ साली आला. अंगात २२ सांधे असल्यामुळे कोपर वाकवून टोपली धरता येते. चेहरा पुसायचा आहे आणि केस उपटायचे आहेत, त्यामुळे डब्यातली कोरी बाहुली फोडायची गरज नव्हती. जमवलेल्या बाहुल्या वेगळ्या आणि कामाच्या बाहुल्या वेगळ्या, हा नियम मी पाळते.

पहिली अडचण मापाची निघाली. बाहुली साधारण २९ सेंटीमीटर आहे, म्हणजे सहापट केली तर १७४ सेंटीमीटरची बाई होते. डोरोथीचं काम करणारी ज्यूडी गारलंड जेमतेम १५० सेंटीमीटर उंच होती आणि चित्रीकरणाच्या वेळी १६ वर्षांची होती. तिची खरी सहावा हिस्सा बाहुली २५ सेंटीमीटरचीच होईल. म्हणजे पोशाखाची मापं सहाने भागून चालणार नाही. गुडघा, कंबर, मुंढा (बाही जोडायची जागा) या खुणा धरून बेतायचं, असं ठरवलं.

६ फेब्रुवारी

डोकं काढलं. गार असताना ओढू नका, मानेतली खुंटी मोडते. डोकं दोन-तीन मिनिटं कढत पाण्यात धरलं की व्हिनाइल मऊ पडतं आणि हलकेच डोलवत काढता येतं.

कारखान्यातला चेहरा अ‍ॅसिटोनने पुसला. कापसाचा बोळा जवळजवळ कोरडा असावा आणि ओठांचा लाल रंग सगळ्यात शेवटी पुसावा, नाहीतर तो गालभर पसरतो. इथवर सगळं नीट झालं. मग बाटली बंद करताना अ‍ॅसिटोनचा एक थेंब धडावर पडला. डोक्याच्या मऊ व्हिनाइलला अ‍ॅसिटोन थोडा वेळ चालतं, पण धडाचं कडक प्लॅस्टिक त्याने विरघळतं. मी घाईने पुसायला गेले आणि वितळलेला थर बोटाबरोबर ओढला गेला. छातीच्या वर हरभऱ्याच्या डाळीएवढा खरबरीत डाग राहिला. पुसलंच नसतं, थेंब आपोआप उडून जाऊ दिला असता, तर डाग निम्माही झाला नसता. बारीक पॉलिश कागदाने घासून सपाट केला. ब्लाउजखाली झाकला जाईल, पण बिनबाह्यांचा पोशाख या बाहुलीला आता कधी घालता येणार नाही.

डोकं आधी काढायचं, धड दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि मगच बाटली उघडायची.

१० फेब्रुवारी

बेताचा कागद. धडाला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळली, तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर दिले आणि पेन्सिलीने पुढची मधली रेघ, कुशीची रेघ, कंबर, मुंढा आखला. मग पाठीवर कापून साल सोलावी तसा साचा उतरवला. रेघांवर कापून सपाट केला की बेत तयार होतो. मोजपट्टीने घेतलेल्या मापांपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पहिल्या साच्यात एक गोष्ट विसरले. तो उघड्या अंगावर घेतला होता. पिनाफोर बसणार ब्लाउजवर, आणि या आकारात ब्लाउजची जाडी छोटी राहत नाही. बाहुली सहा पट लहान झाली तरी कापडाचा धागा तेवढाच राहतो. खऱ्या माणसाच्या अंगावर जो ब्लाउज जाणवतही नाही, तो हिच्या कमरेला स्वेटरसारखा फुगतो. म्हणून आधी ब्लाउज शिवायचा, तो घालून पिनाफोरचा साचा पुन्हा घ्यायचा. एक संध्याकाळ वाया गेली.

माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) ५ मिलिमीटर सोडली, शिवून झाल्यावर कापून ३ वर आणायची. आधीच ३ सोडली तर मशीनच्या दातांत कापड ओढलं जातं.

१४ फेब्रुवारी

चौकडी. या पोशाखाचा सगळा जीव याच कापडात आहे.

हाताशी ३ मिलिमीटर घरांचं गिंगम (विणीतच चौकडी असलेलं सुती कापड) होतं. दुकानात ते बारीक वाटतं. सहापट केलं तर घर १८ मिलिमीटरचं होतं, म्हणजे टेबलक्लॉथ. छातीवरच्या तुकड्यात चारच घरं बसली. कापून, शिवून, अंगावर चढवल्यावर ते समजलं. अर्धा मीटर कापड आणि तीन तास गेले.

मग कापडावर छापून पाहिलं. पांढरं लॉन (पातळ सुती कापड) कागदाला चिकटवून साध्या इंकजेटमधून काढलं. दिसायला देखणं आलं, घरं हवी तेवढी बारीक. पण इस्त्रीआधी पाण्याचा फवारा मारला आणि निळी शाई पांढऱ्या घरात उतरली. दुसरंही एक कारण होतं. विणलेल्या गिंगममध्ये निळ्यावर निळा येतो तिथे गडद, निळ्यावर पांढरा येतो तिथे फिकट आणि पांढऱ्यावर पांढरा येतो तिथे पांढरी, अशा तीन छटा धाग्यांतूनच तयार होतात. छापलेल्यात त्या छटा आणता येतात, पण कापड दुमडलं की मागची पांढरी बाजू दिसते. चुण्यांमध्ये ती जागोजाग डोकावत होती.

१९ फेब्रुवारी

दीड मिलिमीटर घरांचं विणलेलं गिंगम मिळालं. सहापट केलं तर ९ मिलिमीटर. फोटोशेजारी ठेवून लांबून पाहिलं, आणि नजरेने लगेच ‘हाच’ म्हटलं. कापण्याआधी दोनदा धुतलं आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून रंग सुटतो का ते पाहिलं. सुटला नाही.

घरं जुळवण्याबद्दल: कागदी बेत ठेवून कापलं तर कधीच जुळत नाहीत. मी प्रत्येक तुकडा कापडावरच, निळ्या पट्टीचा काठ धरून आखला. छातीच्या तुकड्याची मधली रेघ गडद पट्टीच्या बरोबर मधोमध धरली. कमरपट्टी आडव्या धाग्यावर घेतली. एक धागा ओढून काढला की कापायला सरळ रेघ मिळते, खडूची गरजच पडत नाही.

घेराच्या चुण्या पहिल्यांदा खऱ्या फ्रॉकसारख्या तिप्पट कापडाच्या घेतल्या. कमरेशी दोरखंड बसल्यासारखं झालं आणि घेर खाली पडायच्या ऐवजी छत्रीसारखा उभा राहिला. उसवलं. दीडपटीहून किंचित जास्त कापड घेतलं आणि धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून चुण्या ओढल्या. मग घेर ओला करून अंगावरच सुती पट्टीने घट्ट गुंडाळून रात्रभर वाळवला. सकाळी सोडला तेव्हा कापड अंगाबरोबर पडलं. वजन कमी असल्यामुळे कापड आपणहून पडत नाही, त्याला पडायला शिकवावं लागतं.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस आतल्या खिशाचा.

२०२१ साली वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाच्या नाट्यविभागात डोरोथीचा एक जुना पोशाख सापडला. तो खरा आहे की नाही हे तपासताना, उरलेल्या ज्ञात पोशाखांमध्ये ज्या सारख्या खुणा होत्या त्या पाहिल्या गेल्या. त्यांतली एक म्हणजे पिनाफोरच्या घेरात उजवीकडे, रुमालासाठी ठेवलेला लपवलेला खिसा. हे वाचल्यापासून मला तो खिसा हवाच होता. कोणाला दिसणार नाही, पण असायला हवा.

उजव्या कुशीच्या शिवणीत १२ मिलिमीटर जागा उघडी ठेवली. खिशाची पिशवी गिंगमची केली तर जाड होते, म्हणून पातळ रेशमी अस्तराचे दोन तुकडे घेतले, नखाएवढे. रेशीम कडेने इतकं सुटत होतं की पहिली पिशवी शिवेपर्यंत निम्मी विरली. दुसऱ्या वेळी कापण्याआधीच रेघेवर धागे सुटू न देणारं द्रव लावलं, वाळू दिलं आणि मग कापलं. शिवलं हाताने, दहा नंबरच्या सुईने, एकेरी धाग्यावर. टाके मोजले तर बावीस. पिशवी उलटवायला टाचणीचं डोकं वापरलं. लोकर विणायची सुई घातली असती तर कोपरा फाटला असता.

खिशाला चार तास लागले. घेर पडला की काही दिसत नाही. चिमट्याने शिवण उघडली की आत पांढरं रेशीम दिसतं.

२४ फेब्रुवारी

ब्लाउज. पडद्यावर तो पांढरा दिसतो. प्रत्यक्षात तो फिका गुलाबी होता, कारण टेक्निकलरच्या (त्या काळच्या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीच्या) कॅमेऱ्यापुढे निखळ पांढरा नीट येत नसे. मग मी काय करायचं? पडद्यावर दिसतो तो पोशाख करायचा की अंगावर होता तो? दोन दिवस यावर अडले होते. खिसा केल्यावर उत्तर सोपं झालं. मी त्या मुलीच्या अंगावरचा पोशाख करतेय. गुलाबी.

पांढरं लॉन चहाने नव्हे, कापडाच्या गुलाबी रंगाच्या अगदी पातळ पाण्यात बुडवलं. ओलं असताना हवा तो रंग दिसला म्हणून काढलं. वाळल्यावर जवळपास पांढरंच. दुसऱ्यांदा ओलं असताना ‘जरा जास्तच’ वाटेपर्यंत ठेवलं, वाळल्यावर बरोबर आलं.

फुगा बाही मुंढ्याला लावणं हे या आकारातलं सगळ्यात किचकट काम. कुशी शिवून मग गोल मुंढ्यात बाही बसवायला गेले तर मशीनचा पायच आत जात नाही. म्हणून कुशी उघडी ठेवायची, बाही सपाट मुंढ्याला लावायची आणि मग बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एका दमात शिवण मारायची. टाका दीड मिलिमीटरचा. बाहीत हात घालताना बाहुलीची बोटं धाग्यात अडकतात, त्यासाठी हाताला आधी फिल्मचा तुकडा गुंडाळावा, सर्रकन जातो. पाठीला सगळ्यात छोटी टिचबटणं लावली. आधी लावलेली चिकटपट्टी (खरबरीत आणि मऊ अशी दोन बाजूंची) काढून टाकली, ती केसांना धरते आणि पिनाफोरखाली पाठीला कुबड आल्यासारखी दिसते.

२ मार्च

केस. बाहुली सोनेरी केसांची होती. चित्रपटाच्या पहिल्या काही दिवसांच्या चित्रीकरणात ज्यूडी गारलंडलाही सोनेरी विग घातला होता, तो पुढे रद्द झाला आणि तांबूस तपकिरी केस आले. माझाही प्रवास तसाच झाला, फक्त जास्त वेळ लागला.

जुने केस मुळाशी कापून, आतले गुंते चिमट्याने मानेच्या भोकातून ओढून काढले. नवे तांबूस केस लावायला घेतले. पाकिटावर कोणता धागा आहे ते लिहिलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. अर्धं डोकं भरल्यावर टोकं कुरळी करायला गरम चिमटा लावला आणि बट चिकटून तिची कडक फीत झाली. सगळं उपटलं. सहा तासांचं काम. एक बट कापून आधी त्या उष्णतेवर तपासली असती तर एका मिनिटात कळलं असतं.

दुसऱ्या वेळी खात्रीचे सरान (बाहुल्यांच्या केसांचा एक कृत्रिम धागा) केस घेतले. सरान जड असतो, छान खाली पडतो आणि उकळत्या पाण्याने वळण धरतो.

वेण्यांसाठी एक सूचना. मधला भांग आणि मानेवरची कड या दोन ठिकाणी भोकं दाट हवीत, एकमेकांच्या आड. मोकळ्या केसांत टाळू झाकली जाते, वेणीत केस ओढले की सगळी उघडी पडते. शिवाय टाळूला आधीच केसांच्या रंगाचा अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा. वेण्या खांद्यापर्यंत घातल्या, खालची टोकं लाकडी काडीवर गुंडाळून नुकत्याच उकळलेल्या पाण्यात बुडवली आणि लगेच गार पाण्यात. निळ्या रिबिनी २ मिलिमीटरच्या.

९ मार्च

चेहरा. दोनदा केला.

नुसत्या व्हिनाइलवर पेन्सिल आणि खडूची भुकटी धरत नाही, आधी मॅट सीलरचा (रंग धरून ठेवणाऱ्या, चमक नसलेल्या फवाऱ्याचा) थर लागतो. बाहेर पावसाची झड होती. तोंडावर फिल्टरचा मास्क होता, खिडकी उघडी होती, सगळी काळजी घेतली होती, पण हवेतल्या ओलाव्याचा विचार केला नाही. फवारा वाळला तसा चेहऱ्यावर पांढुरका धूर बसला. त्यावर दुसरा थर मारला तर धूर आतच कोंडला गेला. सगळं पुसून पुन्हा सुरुवात. सीलर हे या कामातलं सगळ्यात महागडं सामान आहे, बाहुलीपेक्षाही, आणि अर्धा डबा असा गेला.

तीन दिवस थांबले. कोरड्या दुपारी, हातभर अंतरावरून, तीन पातळ थर दिले, प्रत्येकाला अर्धा तास. यावेळी छान पकड आली. गालांवर गुलाबी खडूची भुकटी, भुवया जलरंग पेन्सिलीने एकेक केस काढून. डोळ्यांचा कारखान्यातला आकार मोठ्या बाईचा होता. वरची पापणी कमी वळणाची केली आणि बुबुळं किंचित वर नेली, तेव्हा वय खाली आलं. ओठ मी चार वेळा पुसले. चौथ्या वेळी त्यांचा रंग जवळपास गालांच्या रंगावर आणला आणि चेहरा शांत झाला.

१६ मार्च

बूट. मूळ १९०० च्या कादंबरीत ते चांदीचे आहेत, टेक्निकलरसाठी माणकांचे झाले. खऱ्या बुटांवर प्रत्येकी सुमारे २४०० टिकल्या आहेत. टिकली सहाव्या हिश्शावर आणली तर मिलिमीटरच्याही आत जाते, म्हणून अगदी बारीक चमकीचा निर्णय घेतला.

मेड टू मूव्हचं पाऊल सपाट असतं, पण घोटा वाकतो, त्यामुळे बसकी टाच जमते. पावलाला फिल्म गुंडाळून त्यावर इपॉक्सी पुटीचा पातळ बूट घडवला. पहिला बूट घोट्याजवळ उंच ठेवला आणि कडक झाल्यावर निघेना, कापून काढावा लागला. दुसरा पंप प्रकारच्या उघड्या बुटासारखा खाली कापला, सहज निघाला. टाचेला लाकडी काडीचा तुकडा, बारीक तारेची खुंटी घालून बसवला. नुसता चिकटवलेला पहिल्याच दिवशी मोडला होता.

खालच्या थराला भडक लाल रंग देऊन वर भडक लाल चमकी लावली. दिव्याखाली ते बूट नारिंगी दिसले, चॉकलेटचा कागद असावा तसे. मग आठवलं की खऱ्या बुटांच्या टिकल्याही माणकापेक्षा गडद निवडल्या होत्या, कारण भडक लाल टेक्निकलरमध्ये नारिंगीकडे जायचा. खरवडून काढलं. खालच्या थराला जवळपास मरून रंग, वर गडद लाल चमकीचे दोन थर, मध्ये पारदर्शक वॉर्निशचा एक. आता सावलीत वाइनसारखा आणि उजेडात लाल. बो लाल रेशमाचा, दुहेरी चिकटवून कडक केलेला, वर तीन चपटे लाल खडे आणि कडेने बारीक नळीचे मणी. एका बोला दोन तास लागले.

२३ मार्च

निळे मोजे शिवून घालून पाहिले आणि रात्रभर तसेच राहिले. सकाळी दोन्ही घोट्यांवर निळसर पट्टे. गिंगमला लावलेली ओल्या फडक्याची परीक्षा मोज्यांच्या कापडाला लावलीच नव्हती, तुकडा छोटा म्हणून. रंग व्हिनाइलच्या आत शिरलेला असतो, साबणाने जात नाही.

१० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांवरचं मलम फक्त डागावर लावलं, वर फिल्म गुंडाळली आणि पाय उन्हात ठेवले. रोज संध्याकाळी पुसून पाहायचं, नवं लावायचं. चौथ्या दिवशी डाग गेला. उजव्या घोट्यावर मलम डागाबाहेर पसरलं होतं, तिथे कातडी एक छटा फिकी पडली. ती आता तशीच राहणार.

मोजे दुसऱ्या कापडाचे शिवले, तीनदा धुतले.

३० मार्च

टोपली मेणाच्या जाड दोऱ्याची विणली, एका दुपारचं काम, काही बिघडलं नाही. डोरोथीचा कुत्रा टोटो राहिला आहे. तो केर्न टेरियर जातीचा, विस्कटलेल्या लोकरीचा, आणि लोकर सुईने टोचून घडवण्याचा मला सराव नाही. त्याच्या वेगळ्या नोंदी होतील.

एकूण तास मोजले तर ९४. त्यांतले ३० तरी उसवणं, पुसणं आणि उपटण्याचे. वाया गेलेलं सामान: अर्धा मीटर गिंगम, छापलेलं लॉन, केसांचं एक पूर्ण पाकीट, अर्धा डबा सीलर, एक बूट.

आज सगळं अंगावर चढवलं. ब्लाउज, पिनाफोर, मोजे, शेवटी बूट. बूट आणि मोज्यांमध्ये फिल्मची पट्टी घातली आहे, आणि फोटो झाले की बूट काढून वेगळ्या डबीत ठेवणार, लाल रंग कितीही वॉर्निश केला तरी व्हिनाइलशी कायमचा टेकलेला नको.

उरलेल्या गुलाबी लॉनचा एक सेंटीमीटरचा चौकोन कापला, चारही कडा केसाएवढ्या दुमडून तुरपल्या. चिमट्याने उजव्या कुशीची शिवण उघडली आणि रुमाल आत सारला.